मोहाच्या दिवसांतला व्हरांडा

परवा दुपारी दार वाजलं आणि मी कडी काढायच्या आधीच वास आत शिरला. दारात मैनीचा भाचा उभा होता. हातात जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी. दवाखान्यात कोणाला तरी भेटायला तो चंद्रपूरला आला होता. घटाघटा पाणी प्याला, मैनीमावशीचा निरोप सांगितला आणि बस चुकेल म्हणून निघूनही गेला. निरोपाचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. पुरचुंडी मात्र तेव्हाच सोडली. आत वाळलेली मोहफुलं, मनुकांच्या रंगाची, एकमेकांना चिकटलेली. संध्याकाळपर्यंत जिन्यात इतका घमघमाट झाला की वरच्या मजल्यावरच्या बाई, घरात काही सांडलं का, असं अगदी सभ्यपणे विचारून गेल्या.

ज्याला हा वास माहीत नाही त्याला तो समजावून सांगण्यात अर्थ नाही. गोड म्हणावा तर डोक्यात जातो, उग्र म्हणावा तर परत परत घ्यावासा वाटतो. मी त्या जंगलात नोकरीला गेले तेव्हा पहिल्या वर्षी मला त्यानं मळमळायचं. दुसऱ्या वर्षी मी त्याची वाट पाहायला लागले.

मी वरोऱ्याची. आमच्या घरी बुद्धवंदना झाली की दुसरं वाक्य ‘अभ्यास झाला का’ हेच असायचं. त्या अभ्यासाच्या जोरावर मी नर्स झाले आणि आलापल्लीहून आत, पावसाळ्यात नाल्यापलीकडे अडकून पडणाऱ्या एका माडिया गावात माझी नेमणूक झाली. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. ते सांगितलं तर जवळच्या आश्रमशाळेचंही सांगावं लागेल. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. गडचिरोलीचे म्हणून आम्ही काम करत होतो आणि शिक्के मात्र अजून चंद्रपूरचेच मारत होतो. हाताशी एक कपाट, एक स्टोव्ह आणि रुक्माबाई. रुक्माबाई चामोर्शीकडची, वयानं माझ्या आईएवढी. बाळंतपणात मदत करायची आणि माडियातलं मला मराठीत सांगायची. मला प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायची खोड आहे, अजूनही आहे. काऊन म्हणजे का, म्हणून तिनं माझं नाव काऊनबाई ठेवलं होतं. झाडाखालचा पालापाचोळा जाळतात काऊन, पंडुमचा सण झाल्याशिवाय नवं फूल तोंडात घालायचं नाही ते काऊन. एकदा मी न विचारता एक फूल चाखलं, तर ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

फूल चाखण्यासारखंच असतं, हे सांगून टाकते. पातळ सालीचा, रसानं टच्च भरलेला, पिवळसर पांढरा मणी. उजाडायच्या सुमाराला झाडं ते टाकायला लागतात. टप्, मग थोड्या वेळानं टप्, टप्. साफ केलेल्या काळ्या जमिनीवर तो सगळा सडा दिसू लागला की बायापोरं टोपल्या घेऊन वाकतात. उशीर केला तर गाई-हरणं येतात, आणि फारच लवकर गेलं तर अस्वलाची गाठ पडते. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. कुठे खूण नाही, कुंपण नाही, पण कोणी दुसऱ्याच्या झाडाखाली वाकत नाही. त्या दिवसांत गाव अर्धं रिकामं असायचं, आणि आश्रमशाळा त्याहून रिकामी. होळीला घरी आलेली मुलं मोह संपेपर्यंत परतायचीच नाहीत. शाळेनं कितीही आरडाओरडा केला तरी हे दर वर्षीचं होतं.

त्या वर्षी एका सकाळी मी लसीचा डबा घेऊन वाटेनं चालले होते. गावातल्या कोमटी नावाच्या माणसाच्या झाडाखाली त्याची मुलगी मैनी फुलं वेचत होती. चौथीत शिकणारी, कानामागे पळसाचं फूल खोचलेलं. मी पुढे गेले आणि पुन्हा मागे आले. काहीतरी वेगळं दिसलं होतं, काय ते कळत नव्हतं. मग कळलं. मैनी डाव्या हातानं वेचत होती. उजवा हात तिनं पदरासारख्या गुंडाळलेल्या फडक्यात लपवला होता.

मी म्हटलं, दाखव. ती नाही म्हणाली. मी तिथेच तिच्याबरोबर वेचायला बसले. गप्प बसणं मला जड जातं, पण त्या दिवशी जमलं. टोपली निम्मी झाली तेव्हा तिनं आपणहून हात पुढे केला. दोन बोटं सुजून काळीनिळी झाली होती. आश्रमशाळेच्या अधीक्षकानं पट्टीच्या कडेनं मारलं होतं. जेवताना तिनं डाळ दुसऱ्यांदा मागितली होती. मी तिला माझ्या खोलीवर आणून बांबूच्या कामट्यांनी बोटं बांधली आणि बांधताना मला इतका राग आला की गाठ नीट बसेना. रुक्माबाईनं ती परत बांधली.

मग एकेक मुलगा दाखवायला यायला लागला. कोणाच्या पोटरीवर वळ, कोणाच्या कानामागे जखम. आईबापांना हे अगदीच माहीत नव्हतं असं नाही. शाळा म्हणजे हे असतंच, असं ते धरून चालले होते. मला वाटतं, आम्हीही धरून चालतो. फक्त आमच्या शाळांतल्या छड्या जरा बारीक होत्या. मी अहेरीच्या बैठकीत वरिष्ठांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, सिस्टर, ते खातं वेगळं. ते खोटं बोलत नव्हते. खातं खरंच वेगळं होतं.

तेव्हा मी रमेशभाऊला सांगितलं. रमेशभाऊ चंद्रपूरचा, शिक्षण संपवून जंगलात काम करायला आलेल्या तरुणांपैकी एक. सायकल, शबनम पिशवी, दाढी, आणि दिवसभर न खाता बोलण्याची ताकद. माणूस सोन्यासारखा, पण त्याला प्रत्येक गोष्टीचा ठराव करायची घाई असायची. त्यानं गावाची सभा बोलावली. सकाळची फुलं वेचून झाल्यावर, ऊन चढायच्या आत, गोटुलापुढच्या, म्हणजे गावाच्या सामायिक घरापुढच्या, अंगणात सगळे जमले. फुलं घराघरांसमोर वाळत पडलेली होती आणि त्या वासात आम्ही बसलो होतो.

रमेशभाऊ छान बोलला. मुलांना मारणं हा गुन्हा आहे, गावानं एकमुखानं विरोध केला पाहिजे, मुलांना या शाळेत परत पाठवायचंच नाही असा ठराव करू. रुक्माबाई एकेक वाक्य माडियात सांगत होती. शेवटी तो म्हणाला, मुलांना पाठवू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. सगळ्यांनी हात वर केले. रमेशभाऊचा चेहरा फुलला. मग केवळ रीत म्हणून त्यानं विचारलं, पाठवावं असं कोणाला वाटतं? पुन्हा सगळ्यांनी हात वर केले. तेच सगळे, तेवढ्याच उत्साहानं.

मला हसू आवरेना. रमेशभाऊला वाटलं, भाषांतरात गडबड झाली. त्यानं परत सगळं समजावलं, परत हात मागितले, परत तेच झालं. तेव्हा गावचा भूमिया दसरू, पूजाअर्चा आणि जमिनीचं पाहणारा म्हातारा, पान चघळत बोलला. त्याला मराठी चांगली यायची.

“पोरगं शिकाले पायजे, हे खरं हाये का नाई?” तो म्हणाला. “पोराले मारू नये, हेबी खरं. मंग हात खाली काऊन ठेवाचा?”

रमेशभाऊ दाढी खाजवायला लागला. आम्ही शिकलो ती लोकशाही हात मोजण्याची होती. ज्यांचे कमी भरले त्यांनी घरी जायचं. इथे कोणीच घरी जात नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर दोन्ही सांभाळणारी तिसरी सापडेपर्यंत बसायचं, अशी त्यांची रीत. दुसऱ्या दिवशी फुलं वेचून झाल्यावर गाव पुन्हा बसलं. तिसऱ्या दिवशीही. रमेशभाऊची दाढी खाजवून खाजवून लाल झाली.

कोमटी एका गोष्टीवरून हलत नव्हता. मैनीची परीक्षा जवळ आली होती. चौथी झाली नाही तर पोरगी घरी बसणार आणि मग कायमचीच बसणार, हे त्याला दिसत होतं. तो म्हणाला, “फॉरेस्टच्या हापिसात मी उभा राह्यतो. दिवसभर उभा राह्यतो. माही पोरगी तिथी खुर्चीवर बसली पायजे.” त्याची बायको म्हणाली, बोटं मोडल्यावर खुर्ची काय करायची? दोघंही खरं बोलत होते. आणि ती दोघं तर एकाच घरात राहत होती.

या रीतीचं मी फार कौतुक करणार नाही. पुढे पुस्तकांतून आणि भाषणांतून तिचं इतकं कौतुक ऐकलं की मला भीती वाटायला लागली. तिच्यातही खोट होती आणि ती मला तिसऱ्या दिवशी दिसली. सगळे बोलत होते, पुरुष बोलले, बायका बोलल्या, ज्याला काही म्हणायचं नव्हतं तोही बोलला. ज्यांचं बोलणं चाललं होतं ती मुलं अंगणाच्या कडेला गोट्या खेळत होती. माझ्या जिभेला खाज सुटलीच. मी रुक्माबाईला म्हटलं, मैनीला कोणी विचारलं का? रुक्माबाई म्हणाली, लेकराले काय विचाराचं? मी म्हटलं, का नाही विचारायचं? तिनं कपाळाला हात लावला, पण प्रश्न मोठ्यानं माडियात सांगितला.

दसरू माझ्याकडे पाहत होता, रागानं की नवलानं ते कळेना. मग त्यानं मैनीला हाक मारली. ती आली, बापाच्या पाठीमागे अर्धी लपून उभी राहिली. कामट्या बांधलेला हात तिनं दुसऱ्या हातात धरला होता.

“मी जाईन,” ती म्हणाली. “पर कोनीतरी तिथी बसून राहा.”

एवढंच. मला वाटलं, लहान मुलीची मागणी, आता सगळे हसतील. कोणी हसलं नाही. ती तिसरी गोष्ट सापडली होती. गाव लगेच कामाला लागलं: कोण बसणार, कधी बसणार. अडचण एकच होती आणि मोठी होती. ऐन मोहाचे दिवस. एक माणूस शाळेत जाऊन बसला की त्याच्या झाडाखालची सकाळ गेली, गाई-हरणांची चैन झाली. वर्षाचा तेलमिठाचा आधार त्या फुलांवर असायचा. तेव्हा असं ठरलं की जो बसायला जाईल त्याची झाडं शेजारच्या घरानं वेचायची आणि फुलं त्याच्याच अंगणात वाळत घालायची. दुसऱ्याच्या झाडाखाली न वाकणाऱ्या त्या गावात हे ठरलं. त्यात केवढा मोठा बदल होता ते तेव्हा मला कळलं नाही. हात मात्र या वेळी कोणीच वर केले नाहीत. सगळे उठले, म्हणजे ठरलं.

आश्रमशाळा, उजाडताना चालत निघालं तर न्याहारीला पोचावं, एवढ्या अंतरावर होती. पत्र्याची लांब इमारत, समोर व्हरांडा, टोकाला अधीक्षकाची खोली. पहिल्या दिवशी मुलांबरोबर कोमटी गेला. खांद्यावर कुऱ्हाड, कारण कुऱ्हाडीशिवाय तो परसाकडेही जात नसे. अधीक्षक घाबरला आणि त्यानं आत जाऊन कडी लावली. संध्याकाळी गावात हे कळल्यावर सगळ्यांना वाईट वाटलं. कोणालाही घाबरवायचं असं ठरलेलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून कुऱ्हाड घरी. दोर वळायला अंबाडी न्यायची, पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायच्या, नाहीतर नुसतं बसायचं.

मी मुलांची तपासणी काढून दर थोड्या दिवसांनी तिथे जायची. खरं म्हणजे मला पाहायचं होतं. व्हरांड्यात रोज वेगळं माणूस. दसरू आपल्या पाळीला आला आणि खांबाला टेकून दिवसभर झोपला. गावानं ती पाळी धरली. झोपला तरी तिथेच होता ना, म्हणाले. एक म्हातारी मात्र काहीच काम न करता नुसती पाहत बसायची. अधीक्षक कुठे जाईल तिथे तिची मान वळायची. मला वाटतं, त्या कुऱ्हाडीपेक्षा तो तिला जास्त घाबरला होता.

त्यानं आधी विचारलं, काय पाहिजे? काही नाही, म्हणाले. मग हाकललं. उठले, आणि तो आत गेल्यावर परत बसले. मग त्यानं वर कळवलं. अहेरीहून एक साहेब जीपनं आले. त्यांनी झेंडा शोधला, पुढारी शोधला, निवेदन मागितलं. यातलं काहीच नव्हतं. त्या दिवशी पाळी पुन्हा कोमटीची होती. साहेबांनी विचारलं, मागणी काय आहे तुमची? कोमटी दोर वळता वळता म्हणाला, “मागनी नाई साहेब. पोरीनं बस म्हनलं. बसून राह्यलो.” मग साहेबांनी अधीक्षकाला बाजूला नेलं आणि काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. तेव्हा मला फार चुटपुट लागली होती.

एक दुपार मात्र मी डोळ्यांनी पाहिली. जेवणाची पंगत बसली होती. एका लहानग्याच्या हातून डाळीचं ताट उपडं झालं. अधीक्षक तिथेच होता. त्याचा हात वर गेला, इतक्या सवयीनं की त्यालाही कळलं नसावं. व्हरांड्यात मैनीची आई पत्रावळ लावत होती. तिचा हात थांबला. ती उठली नाही, ओरडली नाही, फक्त पानात खुपसायची काडी तशीच धरून तिनं वर पाहिलं. सगळी मुलंही पाहायला लागली, पण अधीक्षकाकडे नव्हे, तिच्याकडे. अधीक्षकाचा हात हवेत राहिला, मग डोक्याकडे गेला आणि त्यानं केस खाजवले. मुलाला दुसरी डाळ मिळाली. तेव्हा मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

त्या माणसाबद्दलही मला कुतूहल होतं. मी एकदा त्याला सरळच विचारलं, मारता काऊन? तो चिडेल असं वाटलं होतं. तो बायकामुलं लांब ठेवून एकटा राहत होता, खोलीत एका कोपऱ्यात स्टोव्ह आणि दुसऱ्यात देव. म्हणाला, “मलेबी असंच मारून शिकवलं, बाई. दुसरं कसं शिकवतात ते कोनी दाखवलंच नाई.” यावरून मी त्याला माफ वगैरे केलं नाही. मैनीची बोटं माझ्या डोळ्यांसमोर होती. पण ते उत्तर विसरताही आलं नाही.

मोह सरत आला तशी झाडांना तांबूस पालवी फुटली. परीक्षा झाली. शेवटच्या दिवशी मैनी बापाच्या मागे मागे घरी आली तेव्हा अंगणात फुलांची रास वाळत पडली होती, दर वर्षीइतकीच किंवा थोडी जास्तच. शेजाऱ्यांनी बहुधा आपल्या टोपलीतलीही टाकली असावीत. मैनी चौथी पास झाली, पुढे सातवीपर्यंत शिकली. कोमटीनं पाहिलेली खुर्ची तिला मिळाली नाही. लग्न होऊन ती भामरागडकडच्या गावी गेली. एक बोट थोडं वाकडं राहिलं, ते मी नीट बांधलं नव्हतं की रुक्माबाईनं, यावर आमचा दोघींचा वाद रुक्माबाईच्या शेवटापर्यंत चालला. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती शाळा नव्या अधीक्षकाची झाली. जुना कुठे गेला ते मी पुष्कळ विचारूनही कळलं नाही. गावानं मात्र पेरणी झाल्यावर, नव्या माणसाच्या व्हरांड्यातही एक-दोन दिवस बसून पाहिलं.

पुढच्या नोकरीत मी कितीतरी समित्यांवर होते. मुलांच्या संरक्षणासाठी नियम आले, कायदे आले, शाळाशाळांत कुलूप लावलेल्या तक्रारपेट्या आल्या. हे सगळं चांगलंच आहे, त्यासाठी लोक रस्त्यावर उतरले होते, रमेशभाऊही उतरला होता. तरी प्रत्येक बैठकीत मला एकच विचारावंसं वाटायचं: पेटी आहे, पण बसतं कोण? एकदा विचारलंही. सगळे सौजन्यानं हसले आणि पुढचा विषय घेतला.

आता निरोपाबद्दल सांगते. मैनीची नात यंदापासून चंद्रपूरला, आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, एका वसतिगृहात आहे. मैनीनं सांगितलं होतं, बाई जवळच राह्यतात, जरा जाऊन बसत जा म्हणावं. मी घाबरून भाच्याला विचारलं होतं, काही त्रास आहे का पोरीला? तो चपला घालता घालता म्हणाला, “नाई, काही नाई. मावशी मनते, त्रास झाल्यावर बसून काय फायदा?”

हे लिहिता लिहिता दोन दिवस गेले. गुडघे दुखतात, ऊन आहे, माझं तिथे कोण ऐकणार, अशी सगळी कारणं मी स्वतःला सांगून पाहिली. मग आज सकाळी निवडायची तूरडाळ एका पिशवीत घेतली आणि रिक्षा केली.

फाटकावर पहारेकरी होता. भिंतीवर पेटी होती, वर कॅमेरा होता. व्हरांडा छान, सावलीचा. मी नातीची ओळख सांगितली, नाव लिहिलं, कडेच्या बाकावर बसले आणि डाळ ताटलीत ओतली. थोड्या वेळानं एक तरुण बाई लगबगीनं आल्या. बहुधा इथल्या अधीक्षकाच असाव्यात. भेटायची वेळ संध्याकाळची आहे, म्हणाल्या. मग डाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“आजी, काय काम होतं?”

वर्गाच्या खिडकीतून दोन-चार मुली पाहत होत्या. त्यातली मैनीची कोणती ते मला ओळखता आलं नाही.

“काही नाही,” मी म्हटलं. “बसले आहे.”